श्रीनगर विमानतळ ते गुलमर्ग: शेवटचे १३ किलोमीटर आधी ठरवा, बाकी सगळं होऊन जातं

विमान श्रीनगरला टेकलं की आपल्याला वाटतं, चला पोचलो. कुठलं पोचलो भो, खरी गंमत तिथून पुढं सुरू होते. विमानतळापासून गुलमर्ग पन्नास-बावन्न किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या जळगावहून पारोळ्याला जाण्याइतकं, आणि कोरड्या रस्त्यावर दोन तासात माणूस वर असतो. पण बर्फ पडत असेल तर तेवढ्याच अंतराला पाच तास लागतात, आम्हाला लागलेत. त्यात पहिले चाळीस किलोमीटर कोणीही नेऊन सोडतं, सगळा खेळ टंगमर्ग ते गुलमर्ग या वरच्या १३ किलोमीटरचा आहे. गेल्या जानेवारीत आम्ही पाच जण गेलो होतो, मी, बायको, जिभाऊ, एक मित्र आणि भाचा, त्याला स्कीईंग शिकायचं होतं. तेव्हापासून कोणी ना कोणी विचारत असतं की कसं गेले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी खान्देशातून निघायचं कसं. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे, पावणेतीन-तीन तास लागतात. भुसावळ-जळगाववाल्यांनी रात्रीची गाडी पकडायची, पहाटे मुंबई, पण तिकीट काढताना विमान थेट आहे का मधे कुठं थांबतं ते नीट बघायचं, स्वस्त दिसतं म्हणून घेतलेलं तिकीट दिल्लीला चार तास बसवतं आणि मग तुम्ही संध्याकाळी उतरता. दिल्लीहून जायचं असेल तर आपल्याला तसं सोपंच आहे, पंजाब मेल आहे, कर्नाटक एक्सप्रेस आहे, मुंबईची राजधानी जळगावला थांबते. धुळेवाले इंदूर किंवा नाशिक बघतात, नंदुरबारवाल्यांना सुरत जवळ. ज्यांना विमानच नको त्यांच्यासाठी आता रेल्वे पण झाली, ६ जून २०२५ ला कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, तीन तासात कटऱ्याहून श्रीनगर, आणि वाटेत तो चिनाबवरचा ३५९ मीटर उंच पूल. जिभाऊ रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांचं म्हणणं होतं की त्यानंच जाऊ, पण भुसावळ ते जम्मूच इतका वेळ खातं की पोरांच्या सुट्ट्या त्यातच संपतात.

विमानाबद्दल एकच नियम लक्षात ठेवा, दुपारी १२ च्या आत श्रीनगरला उतरलं पाहिजे. जानेवारीत तिथं साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो, आणि ऊन गेलं की दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर परत गोठतं. त्याची काच होते, दिसत पण नाही. म्हणून अंधार पडायच्या आत वर पोचायचं हा हिशोब धरून मागं मोजत या. सकाळी धुकं असलं की विमानं लेट होतात ते वेगळंच, तेवढी सूट ठेवा.

निघायच्या आधी घरीच करायची दोन कामं आहेत आणि दोन्ही लोक विसरतात.

पहिलं म्हणजे सिम. आपलं महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमधे चालत नाही. रोमिंग-बिमिंग काही नाही, विमानातून उतरला की फोन डबडं. पोस्टपेड चालतं. आमच्यात मी आणि जिभाऊ पोस्टपेड, बाकी तिघं प्रीपेड, आणि हॉटेलनं पाठवलेल्या ड्रायव्हरचा नंबर कोणाच्या फोनात, तर भाच्याच्या. तो पण व्हॉट्सॲपवर आलेला, म्हणजे नेट असल्याशिवाय उघडणार नाही. आम्ही बाहेर उभे, ड्रायव्हर बाहेर उभा, दोघं एकमेकांना शोधतोय आणि मधे शंभर माणसं. शेवटी माझ्या फोनाचं हॉटस्पॉट चालू करून त्याचं व्हॉट्सॲप उघडलं तेव्हा कुठं नंबर सापडला. म्हणून एक पोस्टपेड बरोबर पाहिजेच आणि सगळे नंबर कागदावर, पेनानं लिहून, खिशात. विमानतळावर तिथलं सिम पण मिळतं, कागदपत्र द्यावी लागतात आणि चालू व्हायला थोडा वेळ जातो.

दुसरं काम म्हणजे हॉटेलला फोन करून एकच प्रश्न विचारायचा, "बर्फ असेल तर टंगमर्गहून वर आम्हाला कोण आणणार?" बुकिंगच्या ॲपवर हे कुठं लिहिलेलं नसतं. काही हॉटेलांची स्वतःची फोर बाय फोर गाडी असते, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली, काही सांगतात की तिथल्या टॅक्सी युनियनची गाडी करा, काही जण "नो प्रॉब्लेम सर" म्हणतात आणि त्याचा अर्थ असा की प्रॉब्लेम तुमचा. गाडी कुठली, चेनवाली (चाकांना लोखंडी साखळी लावलेली) का फोर बाय फोर, पैसे किती, ते वेगळे का रूममधेच धरलेत, आणि दारापर्यंत येते का स्टँडपर्यंत, हे सगळं विचारून मेसेजवर लिहून घ्या.

आता उतरल्यावर. श्रीनगरचं विमानतळ म्हणजे हवाई दलाचा तळ पण आहे, शहराच्या बाहेर बडगामच्या बाजूला. उतरताना खिडकीची झडप खाली करा म्हणाले तर निमूट करायची आणि बाहेरचे फोटो काढायचे नाहीत, स्टेटसला टाकायची घाई गुलमर्गला गेल्यावर भागवा. सामान घेऊन बाहेर आलं की प्रीपेड टॅक्सीचं काउंटर आहे, तिथं गावाप्रमाणे दराचा बोर्ड लावलेला असतो. मी इथं आकडे लिहीत नाही कारण दर बदलत राहतात, बोर्डाचा फोटो काढून ठेवला की पुढं कोणी जास्त सांगितलं तर दाखवता येतो. टॅक्सी ठरवताना "गुलमर्ग" एवढंच म्हणू नका, विचारा की गुलमर्गपर्यंत का टंगमर्गपर्यंत. बर्फाच्या दिवसात साधी इनोव्हा नाहीतर डिझायर टंगमर्गलाच थांबते आणि पैसे मात्र गुलमर्गचे सांगितलेले असतात, मग तिथं रस्त्यावर भांडण.

एकटादुकटा असेल, सामान कमी असेल, तर स्वस्तातला मार्ग पण आहे. विमानतळावरून सरकारी बस शहरात टीआरसीला, म्हणजे टुरिस्ट रिसेप्शन सेंटरला जाते, तिथून रिक्षानं बटमालू किंवा परिमपोऱ्याला, टंगमर्गची शेअर सुमो कुठून सुटते ते आधी कोणाला तरी विचारून घ्यायचं. सुमो भरली की सुटते, आपल्या काळी-पिवळीसारखंच. टंगमर्गहून परत वर दुसरी शेअर गाडी. पैसे एकदम कमी लागतात पण अर्धा दिवस जातो, आणि बर्फ पडत असेल तर हा नाद करू नका.

रस्ता असा, शहराची बाजू सोडून नारबल, तिथून बारामुल्ल्याचा हायवे सोडायचा, मग मागाम, कुंझर, टंगमर्ग. विमानतळाहून बडगामच्या आतल्या रस्त्यानं पण मागामला निघतात, ड्रायव्हरच ठरवतो. मागामपर्यंत सगळं सपाट, दोन्ही बाजूला सफरचंदाच्या बागा, जानेवारीत नुसत्या काळ्या काड्या उभ्या असतात. आमच्या मित्राची रावेरला केळी आहे, तो सारखा ड्रायव्हरला विचारत होता, एका झाडाला किती माल निघतो, भाव कोण ठरवतो, पेटी किती किलोची. ड्रायव्हर पण रंगात आला. मागामला थांबून बेकरीवाल्याकडून गरम रोट्या घ्या, तिथं त्याला गिरदा म्हणतात, आणि नून चहा प्या, गुलाबी रंगाचा, मिठाचा. जिभाऊंनी एक घोट घेतला आणि कप बायकोकडं सरकवला. माझं मत विचाराल तर दुसऱ्या कपापासून आवडायला लागतो.

मागामलाच एक काम करून घ्या, बाथरूम. वर टंगमर्गला गर्दी असते आणि लाईन लागते.

टंगमर्ग. इथं नीट वाचा.

टंगमर्ग साधारण २१५० मीटरवर आहे आणि गुलमर्ग २६५० ला, म्हणजे १३ किलोमीटरात ५०० मीटर चढ, कन्नडचा घाट समजा, फक्त देवदारातून आणि बर्फातून. बर्फ असला की पोलीस टंगमर्गला गाड्या थांबवतात, चेन लावलेली किंवा फोर बाय फोर असेल तरच वर. हे बरोबरच आहे, कारण एक गाडी आडवी झाली की मागं दोनशे गाड्या उभ्या. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, ड्रायव्हर गाडीतून उतरला, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाला, "शीन आ रहा है." शीन म्हणजे बर्फ. दहा मिनिटांत सुरू झालं.

आणि गाडीचं दार उघडलं की दहा माणसं अंगावर येतात. एक म्हणतो गाईड पाहिजेच, एक म्हणतो कोट भाड्यानं घ्या, एक म्हणतो गमबूट, एक तुमची बॅग उचलून चालायलाच लागतो. आपल्याकडं यात्रेत कसं होतं तसंच, माणसं वाईट नाहीत, चार महिन्यांत वर्षाचं कमवायचं असतं त्यांना. पण तुम्हाला काय लागतं आणि काय नाही ते माहीत पाहिजे. गाईड लागत नाही, गंडोल्यावर, म्हणजे गुलमर्गच्या केबल कारवर, जायला पण नाही. बॅग दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, द्यायची तर आधी भाव ठरवून. गमबूट मात्र लागतात, तुमचे चांगले वॉटरप्रूफ बूट नसतील तर इथंच घ्या. घेताना हात आत घालून बघा, आधीच्या गिऱ्हाईकानं आत बर्फ भरून आणलेला असतो आणि अस्तर ओलं असतं, ओला बूट घातला की संध्याकाळपर्यंत पायाची बोटं आपली राहत नाहीत. बायकोनं तीन जोड नाकारले, दुकानदार वैतागला, चौथा कोरडा निघाला. मी पहिलाच घातला. भोगलं.

आता चेनवाली गाडी. हॉटेलची ठरलेली असेल तर तिचीच वाट बघा, मधे कोणी "हॉटेलनेच पाठवलंय" म्हणालं तर हॉटेलला फोन लावून खात्री करा. नसेल तर टॅक्सी युनियनच्या स्टँडवर जा, पूर्ण गाडी का सीटप्रमाणे ते विचारा. आम्ही चुकीनं तिथंच दीड तास घालवला. हॉटेलवाल्यानं फोनवर "गाडी येईल" सांगितलं होतं, ती गाडी वर अडकलेली, आणि आम्ही तिच्या भरवशावर युनियनच्या दोन सुमो सोडून दिल्या. तिसरी आली तेव्हा चार वाजून गेले होते. म्हणून माझं मत, अर्ध्या तासात ठरलेली गाडी आली नाही तर पैशाकडं न बघता मिळेल ती पकडा.

चेन कशी लावतात ते पहिल्यांदा बघितलं. त्या पोरानं डिकीतून लोखंडी साखळीचं जाळं काढलं, मागच्या चाकांच्या पाठीमागं बर्फावर पसरलं, गाडी हात-दीड हात मागं घेतली की चाक बरोबर जाळ्यावर. मग तो बर्फात पाठीवर आडवा झाला, आतल्या बाजूचा हूक चाचपून अडकवला, बाहेरचा ओढून घट्ट केला, दोन्ही चाकं मिळून दहा मिनिटं. हातात मोजे नाहीत. फिरनच्या, म्हणजे तिथल्या लांब झग्याच्या आतून कांगडी (निखाऱ्यांची टोपली) काढून मधेमधे बोटं शेकत होता. सुमोचं इंजिन मागची चाकं फिरवतं म्हणून चेन मागं, पुढच्या चाकावर चालणारी गाडी असेल तर चेन पुढं, हे त्यानंच सांगितलं. चेन कशाला, तर दाबलेल्या बर्फानं टायरच्या खाचा भरून जातात आणि चाक गुळगुळीत होतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतात गाडी घातली की कसं चाक लिंपून जागेवर फिरत राहतं, तोच प्रकार. साखळी बर्फाला चावते. आवाज एवढा खडखड येतो की गप्पा बंद, वेग सायकलचा. पाऊण ते दीड तास धरा.

वळणावर समोरून गाडी आली आणि आमची थांबली तेव्हा एक हात मागं सरकली, सगळ्यांचा श्वास अडकला, आणि मागच्या सीटवरून मित्र हळूच म्हणाला, "काय भो, कथा जाई राह्यना?" म्हणजे आपल्या अहिराणीत, कुठं चालला? ड्रायव्हरला एक अक्षर कळलं नाही पण आम्ही हसतोय बघून तो पण हसला.

गुलमर्गला गाडी बहुतेक वेळा स्टँडपर्यंत जाते, हॉटेल पुढं कुठंतरी असतं. बर्फात ट्रॉली बॅगचं चाक काही कामाचं नाही, म्हणून पाठीवरची सॅक आणा. सामान आणि म्हातारं माणूस न्यायला लाकडी स्लेज ओढणारे असतात. भाव हॉटेलचं नाव सांगून, जायचा का जायचा-यायचा, माणशी का स्लेजप्रमाणे, हे तिन्ही बोलून ठरवायचा. जिभाऊ स्लेजवर बसायला तयारच नव्हते, माणसानं माणसाला ओढायचं का म्हणून. त्यांचं पटतं मला. पण गुडघ्याएवढ्या बर्फात सत्तरीचा माणूस चालवणं हे पण बरोबर नाही, शेवटी फक्त बॅगा त्यावर टाकल्या आणि ते त्या स्लेजवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत आले, पैसे पूर्ण दिले.

पोचल्यावर त्या दिवशी काही करू नका. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर, तोरणमाळला गेलं तरी आपण साडेअकराशेच्या आसपास, आणि इथं एका दिवसात २६५० ला येऊन बसलोय. डोकं जड होतं, दम लागतो, भूक मरते. भरपूर पाणी प्यायचं, थंडीत तहान लागत नाही तरी प्यायचं, आणि दारू पहिल्या दिवशी अजिबात नको, "थंडी आहे ना" म्हणून तर नकोच. रात्री रूममधे बुखारी असेल, म्हणजे लाकडाची शेगडी, तर झोपताना खिडकीची एक फट उघडी ठेवा.

गंडोल्याचं तिकीट ऑनलाईनच काढायचं, जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या साईटवर, आणि सीझनमधे बरंच आधी. तिथं जाऊन काढू म्हणाल तर दलालाच्या हातात सापडाल. पहिला टप्पा कोंगदूरी, साधारण ३०८० मीटर, तो १९९८ ला सुरू झाला. दुसरा अफरवटला जातो, जवळजवळ ४००० मीटरपर्यंत, तो २००५ चा. वारा सुटला की वरचा टप्पा बंद करतात, म्हणून त्याच्यासाठी दोन दिवस हातात ठेवा. स्की शिकायची असेल तर वर जायची गरजच नाही, खालच्या मैदानावरच नवशिक्यांचे उतार आहेत, तिथं केंद्र सरकारची भारतीय स्कीईंग आणि पर्वतारोहण संस्था पण आहे, तिचे कोर्स असतात, जागा आधी धरावी लागते. नाहीतर तिथले इन्स्ट्रक्टर दिवसावर मिळतात. सामान सगळं भाड्यानं मिळतं, घरून काही न्यायचं नाही. फक्त एक करा, घरी भिंतीला टाच लावून पायाची लांबी सेंटीमीटरमधे मोजून ठेवा, स्कीच्या बुटाचा नंबर त्याच्यावरच असतो, आपला आठ-नऊ नंबर तिथं चालत नाही. भाच्यानं एक नंबर मोठा घेतला, आत पाय हलत राहिला, नडगीवर काळं-निळं.

आणि भाच्याला मी स्कीसाठी आखलेल्या दोरीबाहेर जाऊ दिलं नाही, रुसला तरी. फेब्रुवारी २०२३ मधे अफरवटला हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले, पुढच्या फेब्रुवारीत रशियाचा एक, आणि ती माणसं आपल्यासारखी पहिल्यांदा आलेली नव्हती. स्की पॅट्रोलवाल्यांनी बंद म्हणलं की बंद.

कधी जायचं, तर चिल्लई कलान म्हणजे तिथल्या कडक थंडीचे ४० दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात, बर्फाची सगळ्यात जास्त आशा त्यानंतर, जानेवारी शेवट ते फेब्रुवारी. पण आता आशाच म्हणायची. जानेवारी २०२४ मधे गुलमर्ग कोरडं पडलं होतं, महिन्याच्या शेवटी कुठं बर्फ आला, आणि २०२५ ला बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चमधे ढकलले. कपाशीवाला जसा जूनमधे आभाळाकडं बघतो तसं तिथले हॉटेलवाले बघतात. आणि तिकडची परिस्थिती पण बघून निघा, एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर बरीच ठिकाणं सरकारनं बंद केली होती आणि टप्प्याटप्प्यानं उघडली.

खायचं काय न्यायचं, तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. टंगमर्गच्या त्या दीड तासात त्याच उपयोगी पडल्या, चेनवाल्या पोरानं पण दोन खाल्ल्या. वर हवेचा दाब कमी असल्यानं केळीच्या वेफर्सच्या पाकिटाचा फुगा होतो, घाबरू नका. कळण्याची भाकरी नेऊ नका, थंडीत तिची कौलं होतात. रोख पैसे ठेवा, यूपीआय चालतं पण नेट गेलं की सगळं गेलं.

परतीचा प्रवास उलटा मोजा. श्रीनगर विमानतळावर टर्मिनलच्या बरंच अलीकडं पहिलं गेट आहे, तिथं सगळ्यांनी उतरायचं, सगळं सामान मशीनमधून, अंगाची झडती, परत गाडीत बसायचं, मग टर्मिनलला परत तेच, आणि वर बोर्डिंगच्या आधी अजून एकदा. तिकिटाची प्रिंट काढून ठेवा, गेटवर नेट नाही म्हणून फोन वर धरून उभी असलेली माणसं मी बघितलीत. तीन तास आधी विमानतळावर, आणि गुलमर्गहून सहा तास आधी निघायचं. सकाळचं विमान असेल तर आदली रात्र खाली श्रीनगरलाच काढा, पहाटे घाटात काच असते.

आणि मुंबईहून भुसावळचं गाडीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. आम्ही काढलं होतं. बर्फामुळं विमान दुसऱ्या दिवशी उडालं, पाच बर्थ रिकामे भुसावळला गेले आणि आम्ही नंतर जनरलच्या डब्यात, स्वेटर घालून, कल्याणपासून उभे.